चौदा जणींच्या मागं

रविवार, १९ जानेवारी. मुरुड, जि. लातूर

ही वही खरं तर आकड्यांची आहे. भारताच्या कॅम्पमध्ये कोच मॅडमनी प्रत्येकीला एकेक दिली होती. किती पळालो, किती झोपलो, काय खाल्लं, एवढंच लिहायचं. सप्टेंबरपासून मी तेवढंच लिहीत आले. आज आकडे नाहीत. आज मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या आहेत आणि समोर आई, आमची अव्वा, पूजेला बसली आहे.

मार्चमधल्या आशियाई स्पर्धेची यादी दुपारी फोनवर आली. सव्वीस नावं. तीनदा वाचली. त्यात मी नाही. माझ्या पंधरा नंबरपुढं लिहिलंय, पुनम. माझं नाव सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत. वैद्यकीय कारणामुळे विचार केलेला नाही.

नीट लिहून ठेवते. मी अंबिका, वय अठ्ठावीस, सहा वर्षं भारताच्या रग्बी संघाची फुलबॅक. नऊ आंतरराष्ट्रीय सामने, नऊच्या नऊ शेवटच्या मिनिटापर्यंत खेळले. चौदा जणी पुढं भिडतात आणि मी सगळ्यांच्या मागं एकटी उभी असते. समोरची टीम चेंडू आभाळात उडवते, तो मी धरायचा. धरताना अंगावर धावून येणाऱ्या तिघीचौघींकडं बघायचं नाही, फक्त चेंडूकडं बघायचं. चौदा जणींना चुकवून एखादी सुटलीच, तर तिला पाडायचं काम माझं. माझ्या मागं कुणी नसतं.

हे सगळं पुनमला मीच शिकवलं. चेंडू छातीशी कसा घ्यायचा, हवेत असताना गुडघा कसा वर ठेवायचा. दोन वर्षं नांदेडजवळ विष्णुपुरीच्या मैदानात तिच्यासाठी घसा फोडला. एकवीस वर्षांची पोर. तिनं एक साधा मेसेज केला नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

मॅडमना फोन लागला. त्या हिंदीतून बोलतात, हळू आवाजात, म्हणून जास्तच राग येतो. म्हणाल्या, फायनलनंतर तुला दोनदा उलटी झाली, ते तू लपवलंस. आधी मेंदूच्या डॉक्टरकडं जा, सगळ्या तपासण्या कर, मग बोलू. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाल्या, ते महत्त्वाचं नाही.

मला तेवढंच महत्त्वाचं आहे. त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मी आणि पुनम. बादली तिनंच धुतली.

संध्याकाळी उमाशंकर सरांचा फोन आला. नांदेडचा आमचा गोदातीर क्लब त्यांनीच उभा केला. मी शाळेत खो-खो खेळायचे, तेव्हा त्यांनी मला पळताना पाहिलं आणि अप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात सहा वेळा येऊन बसले. अप्पा म्हणायचे, पोरीच्या जातीला कशाला हा दांडगाईचा खेळ. सातव्या वेळी अप्पांनीच चहा मागवला. तो माणूस आज म्हणाला, "अंबिका, मी तुझ्या बाजूनं हाय. डोक्याला लागलं म्हणून खेळाडू घरी बसतो व्हय?" मला रडू आलं. एक तरी माणूस आहे.

फायनलचं लिहिते. २९ डिसेंबर. देशभरातल्या क्लबांची स्पर्धा. आम्ही तीन गुणांनी पुढं, दहा मिनिटं उरलेली. उंच चेंडू आला. धरला. धरताना समोरच्या पोरीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. तिचा दोष नाही, खेळात होतं असं. पडले, पण चेंडू सोडला नाही. सर पाण्याची बाटली घेऊन धावत आले. मी म्हटलं, सर, दोन-दोन दिसून राहिलंय. सर म्हणाले, "डॉक्टरकडं बघू नको, माझ्याकडं बघ. दोन पोरी दिसल्या तर दोघींना पाड." मला हसू आलं. उठले. शेवटच्या मिनिटाला त्यांची कडेनं पळणारी विंगर सुटली आणि रेषेच्या हातभर आधी मी तिला पाडलं. ते मला आठवत नाही, व्हिडिओत पाहिलं. कप आमचा.

माझ्यावर असा विश्वास ठेवणारा दुसरा कुणी भेटला नाही. पुनमसारखीला तो काय कळणार.

शुक्रवार, २४ जानेवारी. लातूर

शाळेत भांडण झालं. मी इथं खेळाची शिक्षिका आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. लातुरात खेळाचा तास म्हणजे फिजिक्सवाल्यांना उसना द्यायचा तास. तरी आज हेडसर मलाच विचारतात, आठवी ब मैदानात एकटी का होती? मी म्हटलं, तुम्ही वेळापत्रक बदललं आणि मला सांगितलं नाही. त्यांनी कागद काढून दाखवला. म्हणे जूनपासून हेच आहे. कागद काय, कसाही काढता येतो.

पोरी शिट्ट्या वाजवत होत्या. इतक्या मोठ्यानं ओरडले की एक रडायला लागली. डोक्यात कुणी पत्रा बडवतंय असं वाटत होतं. जानेवारीत एवढं ऊन मी कधी पाहिलं नाही.

रविवार, २६ जानेवारी. मुरुड

झेंड्याला बोलावलं होतं, सत्कार म्हणून. पाहुणे माइकवर म्हणाले, "आपल्या मुरुडची लेक, रब्बीची आंतरराष्ट्रीय खेळाडू." कुणी हसलं नाही. समोर बसलेले लोक माना डोलवत होते. म्हणजे हरभरा आणि करडईत मी भारताकडून खेळते.

बँड सुरू झाला तेव्हा मला स्टेजमागं विटांवर जाऊन बसावं लागलं. उपाशी होते म्हणून.

रविवार, २ फेब्रुवारी

दुकानाच्या गोदामाच्या मागं चेंडू वर मारून धरायचा सराव केला. वीस मारले, अकरा सुटले. चेंडूत हवा जास्त झाली आहे. शिवाय वारा.

सव्वीस जानेवारीचं लिहायचं राहूनच गेलं. सत्काराला पाहुणे माइकवर म्हणाले, रब्बीची आंतरराष्ट्रीय खेळाडू. म्हणजे मी हरभऱ्यात आणि करडईत भारताकडून खेळते. कुणी हसलंसुद्धा नाही.

अव्वाशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, "अंबे, गॅस बंद केला का म्हणून तीनदा विचारलीस. तीनदा हाव म्हणले. चल की ग दवाखान्यात." मी म्हटलं, तुला मी आजारी पाहिजे, म्हणजे निलंग्याच्या त्या स्थळाला होकार द्यायला बरं. तसं काही तिच्या मनात नव्हतं, हे बोलतानाच मला कळत होतं. तरी बोलले. तिनं देवापुढची विभूती आणून माझ्या कपाळाला लावली. मी तिच्यासमोर पुसली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सरांनी काम केलं. लातुरात त्यांच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर आहेत. डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, एका पायावर उभं केलं. सहा मिनिटांत सर्टिफिकेट. खेळण्यास पूर्णपणे सक्षम. सर बाहेर स्कूटरवर वाट बघत होते. म्हणाले, "झालं का न्हाई?"

मॅडमना पाठवलं. पाचव्या मिनिटाला उत्तर. हे चालणार नाही, मेंदूच्या डॉक्टरचं पाहिजे.

म्हणजे ठरलेलंच आहे. पुनमला न्यायचं ठरलंय, बाकी सगळं नाटक.

रविवार, ९ फेब्रुवारी. नांदेडच्या बसमध्ये

अहमदपूर गेलं. अक्षर वाकडं येतंय, रस्ता खराब आहे. पुनमला तोंडावर विचारणार. नाही म्हणाली तर खोटारडी म्हणणार. हो म्हणाली तर काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. लोहा येईपर्यंत सुचेल.

रविवार, १६ फेब्रुवारी. मुरुड

सात दिवसांनी लिहिते. डॉक्टरांनी लिहायला रोज फक्त दहा मिनिटांची परवानगी दिली आहे. म्हणून हे तीन वेळा बसून लिहिलं.

पुनम विष्णुपुरीला धरणाखालच्या मैदानात एकटीच पळत होती. मला बघून थांबली, पाया पडायला वाकली. मी मागं सरकले.

"मॅडमला तूच सांगितलंस ना?"

वाटलं होतं, नाही म्हणेल.

"हाव ताई. म्याच सांगितलं."

"जागेसाठी."

ती चेंडू हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "जागा बी पाहिजे होती. खोटं कशाला बोलू? पर त्या सांजी तुमी मला चारदा विचारलं, आपण जिंकलो का म्हणून. चारदा, ताई. कप तुमच्या उशाला होता. मला लई भ्या वाटलं."

मी म्हटलं, हे सगळं तू रचून सांगतेस. मी ठणठणीत आहे. मार दहा चेंडू उंच, दहाच्या दहा धरून दाखवते. ती म्हणाली, न्हाई मारणार. मग मी तिला बोलले. काय बोलले ते आठवतं, पण लिहिणार नाही. तिच्या आईपर्यंत गेले. ती रडत रडत मागं गेली आणि तिनं चेंडू मारला.

इथून पुढचं मला आठवत नाही. पुनमनं सांगितलं ते लिहिते. पहिले दोन धरले. तिसरा आला तेव्हा मी हात वर करून डावीकडं उभी होते, चेंडूपासून चांगली दोन हात लांब, आणि तो मी धरलाय असं म्हणत होते. टप्पा पडून चेंडू कपाळावर आला. मी उताणी पडले. डोळे उघडे होते, पण मी तिला विचारलं, तू कोणाची? तिचे वडील रामकिशनकाका शेतातून जीप घेऊन आले. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मला दवाखान्यात नेलं. तिच्या आईबद्दल मी काय बोलले होते, हे त्या माणसाला माहीत नव्हतं. किंवा होतं.

तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टर बाई आहेत, मध्यम वयाच्या. सगळे फोटो बघून म्हणाल्या, डिसेंबरचा मार भरून यायच्या आधी तुम्ही पुन्हा पुन्हा डोक्याला धक्के दिलेत. आता वर्षभर खेळ बंद. वर्षानंतरही मी हो म्हणेन असं समजू नका.

त्यांनी विचारलं, "डिसेंबरला लागल्यावर तुम्हाला मैदानात कुणी ठेवलं?"

"मीच राहिले."

"दोन-दोन दिसत होतं म्हणता ना?"

"हो."

"मग ते तुम्ही ठरवलेलं नाही. ते ठरवायच्या अवस्थेत तुम्ही नव्हता. तुमच्याजवळ कोण होतं?"

मला त्यांचा राग आला. एवढी माणसं सोडून ही बाई सरांवर का घसरते?

गुरुवार, २० फेब्रुवारी

मागची पानं वाचली. रब्बीची गोष्ट मी दोनदा लिहिली आहे. दुसऱ्यांदा लिहिताना पहिली आठवतच नव्हती. चोवीस तारखेला हेडसरांना खोटं पाडलं, पण वेळापत्रक खरंच जूनपासून तेच आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली माझ्याच अक्षरात आहे.

आणि एकवीस तारखेचं पान. सर काय म्हणाले ते मी किती अभिमानानं लिहिलंय.

अव्वा नको म्हणत असताना फायनलचा व्हिडिओ लावला. माझ्यावरच नजर न ठेवता पहिल्यांदा कडेला पाहिलं. मी पडल्यावर मैदानाच्या डॉक्टरनं बॅग उचलली होती, दोन पावलं आतही आला होता. सरांनी पळता पळता त्याला हातानं खूण केली. बसा. तो बसला.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बसा.

सरांना फोन केला. आवाज चढू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. विचारलं, "सर, मी तुम्हाला म्हणाले होते ना, दोन-दोन दिसतंय म्हणून?"

"अगं, सगळेच म्हणतात."

"मग डॉक्टरला का थांबवलं?"

"त्यानं तुला बाहेर काढलं असतं. फायनल होती, अंबिका. कप पाहिजे होता का नको तुला?"

"पाहिजे होता."

"मग?"

ते पुढं म्हणाले, "झालं ते सोड. दोन मार्चला नांदेडला आपली मॅच हाय, मोठे पाहुणे येणार हायेत. पुनम खेळतीया. तू बी येऊन बस, पोरींना बरं वाटंल." भारताच्या टीमचं विमान आठ तारखेला आणि दोन तारखेला पाहुण्यांसाठी मॅच. मी म्हटलं, मॅडमना माहीत आहे का? ते म्हणाले, "मॅडमचं काय विचारतीस. पोरी आपल्या हायेत."

फोन ठेवला. आजवर हा राग मी कुणाकुणावर काढला. आठवीच्या पोरीवर, हेडसरांवर, अव्वावर, पुनमवर, पुनमच्या आईवर. ज्याच्यावर काढायचा, त्याला मी रडून सांगत होते की तूच एक माझा आहेस.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कानात कापूस घालून मधल्या खोलीत पडून राहिले. बाहेर भजनाचा आवाज. सगळे लातूरला सिद्धेश्वराच्या जत्रेला गेले, फक्त अप्पा थांबले. ते माझ्याशी खेळावर कधी बोलत नाहीत. आज दाराशी खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, "तो उमाशंकर सहा बार आल्ता. मी सहा बार न्हाई म्हणलो. सातव्या बारीला का मानलो, म्हाईत हाय का?"

मी नाही म्हटलं.

"तो म्हणला, अप्पा, तुमच्या पोरीला काय झालं तर माझ्या पोरीला झालं समजीन. मी इश्वास ठिवलो."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सुपारी कातरत होते. अडकित्ता हातात गच्च धरला होता.

अव्वा आल्यावर तिच्याकडं विभूती मागितली. तिनं लावली.

रविवार, २ मार्च. नांदेड

आज जे झालं ते आजच लिहायचं आहे. डॉक्टरांची दहा मिनिटं गेली खड्ड्यात.

अव्वाला सोबत घेऊन आले. एकटीला सोडायला कुणी तयार नव्हतं. काळा चष्मा, टोपी. मांडवाखाली पाहुणे, हार, माइक. झाडाखाली अॅम्ब्युलन्स आणि तिच्यात एक तरुण डॉक्टर. मैदानाच्या कडेला आम्ही बसलो. अव्वानं आयुष्यात पहिल्यांदा रग्बी पाहिली. ती पदर तोंडाला लावूनच बसली होती.

पुनम पंधरा नंबर. फार सुंदर खेळत होती, हे लिहायला मला त्रास होतो. तीन उंच चेंडू तिनं असे घेतले की मी आपोआप टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या डावात समोरची एक दांडगी पोरगी मधून फुटली. सगळ्या चुकल्या. मागं पुनम एकटी. तिनं तिला पाडलं, पण डोक्याला डोकं लागलं. तो आवाज कडेपर्यंत आला. दांडगी उठून बसली. पुनम उठली नाही. मग हातांवर टेकून उठली आणि तशीच थांबली, एका हातानं समोरची जमीन चाचपत.

सर धावले. एका हातात बाटली. दुसऱ्या हातानं झाडाकडं खूण. बसा.

मी कधी उठले, कधी रेषा ओलांडली, ते आठवत नाही. पण हे विसरणं वेगळं, हे मला कळतं. अव्वा मागून हाका मारत होती. मी पळाले नाही, मला पळायला बंदी आहे. चालत गेले. जवळ पोचले तेव्हा सर म्हणत होते, "माझ्याकडं बघ. कोणता डाव चाललाय सांग." पुनम म्हणाली, "पहिला."

सर म्हणाले, "बराबर. ऊठ."

मी दोघांच्या मधे उभी राहिले.

"डॉक्टरला बोलवा."

"अंबिका, बाहेर हो. मॅच चालू हाय."

"डॉक्टरला बोलवा, मग होते."

रेफरी आले. तेही म्हणाले, मॅडम, बाहेर व्हा, नाहीतर सामना थांबवावा लागेल. मी म्हटलं, थांबवा. तेवढ्यासाठीच आले आहे.

पुनम माझ्या मागून म्हणाली, "ताई, सरका. मला खेळायचंय. मला काय बी झालेलं न्हाई. सरका ना." तिनं माझ्या पाठीत दोन्ही हातांनी ढकललं. ढकलताना तोल जाऊन तीच खाली बसली.

सर आता मांडवाकडं तोंड करून बोलायला लागले, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. "माफ करा. पोरगी आमचीच हाय. हिच्या डोक्याला मार लागलाय, म्हणून असं करून राहिली. हिच्याकडं लक्ष देऊ नका. नांदेडच्या दवाखान्यात होती. घरी न्या रे हिला कुणीतरी."

सगळे बघत होते. दोन पोरी माझा दंड धरायला आल्या. त्यांनाही मीच पळायला शिकवलंय.

मी म्हटलं, "हाव. माझ्या डोक्याला मार लागलाय. सर खरं सांगून राहिलेत. आता दुसरं खरं बी सांगा. मी तुम्हाला दोन-दोन दिसतंय म्हणाले, तेव्हा तुम्ही डॉक्टरला बसा म्हणलात. आज बी म्हणलात. तो बघा, बसलाय."

दंड धरलेल्या पोरींचे हात सैल झाले. सगळ्यांनी झाडाकडं पाहिलं. डॉक्टर पोरगा अर्धवट उठला होता. बसावं का यावं, ते त्याला कळेना. तेव्हा अव्वा, जिला माहेरच्या कानडीमुळे मराठी धड बोलता येत नाही म्हणून जी चारचौघांत तोंड उघडत नाही, ती मैदानाच्या कडेनं त्याच्याकडं गेली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला आत घेऊन आली.

त्यानं पुनमच्या डोळ्यांत बॅटरी मारली. तारीख विचारली, गाव विचारलं. तिनं गाव बरोबर सांगितलं. मग तो रेफरीला म्हणाला, ही खेळणार नाही. हिला आत्ता घेऊन जायचं.

पुनम माझ्याकडं बघून म्हणाली, "सूड घेतलात."

मी अॅम्ब्युलन्सच्या दारातूनच मॅडमना फोन लावला.

बुधवार, ५ मार्च. मुरुड

क्लबच्या ग्रुपवर पत्र आलं. सामन्यात व्यत्यय आणणे, प्रशिक्षकाची बदनामी, पाहुण्यांसमोर संस्थेची मानहानी. मला काढून टाकलं आहे. खाली सरांची सही. माझ्या खेळातल्या पहिल्या सर्टिफिकेटवर हीच सही होती, ते फ्रेम करून अप्पांनी दुकानात लावलंय. खाली अंगठे पडले, एकेक करत अकरा. ज्या दोघींनी माझा दंड धरला होता, त्यांचे नाहीत.

पुनमचं नाव यादीतून गेलं. तिच्या जागी मणिपूरची एक मुलगी जाते आहे.

दोन दिवस बसून तक्रार लिहिली. आधी मराठीत, मग मॅडमसाठी हिंदीत. कुणाकुणाला पाठवायची ते त्या सांगणार आहेत. डिसेंबरचा व्हिडिओ, मिनिट आणि सेकंदासकट. दोन मार्चचा, मांडवातल्या कुणीतरी काढलेला. सहा मिनिटांचं सर्टिफिकेटही जोडलं, आणि ते खोटं आहे हे माहीत असून मी पाठवलं, तेही लिहिलं. उलट्या लपवल्या, तेही लिहिलं. अप्पांनी वाचून विचारलं, स्वतःचं कशाला लिहितीस? मी म्हटलं, नाहीतर ते लिहितील.

काही होईल असं वाटत नाही. सरांना माणसं मानतात. परवापर्यंत मीही मानत होते, आणि त्यांनी जे केलं ते सगळं खोटं नव्हतं. दुकानात ते सात वेळा खरंच आले होते. याचाच जास्त राग येतो. नुसता वाईट माणूस असता तर सोपं होतं.

शनिवार, ८ मार्च

आज टीमचं विमान. सकाळी टीमच्या ग्रुपवर फोटो आला, सगळ्या निळ्या कपड्यांत, बॅगा घेऊन. सहा वर्षं मी त्या फोटोत मागच्या रांगेत होते. बघितला आणि फोन पालथा ठेवला.

दहाच्या सुमाराला पुनमचा फोन आला. रामकिशनकाकांच्या फोनवरून, तिचा काढून घेतलाय म्हणे डॉक्टरांनी.

ती बोलायला लागली. म्हणाली, तुम्ही मला संपवलं. गावात बॅनर लागला होता, तो काल वडलांनी रातच्याला स्वतः उतरवला, मला दिसू नये म्हणून. म्हणाली, तुमचं गेलं म्हणून माझं बी घालवलं. तुम्हाला कुणीच मागं उभी राहिलेली चालत न्हाई. म्हणाली, मी तुमच्या बादल्या धुतल्या. मग तिनं शिव्या दिल्या. नांदेडच्या पोरी शिव्या देतात तशा, पोटातून, श्वास न घेता. अव्वापर्यंत आली. अव्वा समोरच ज्वारी निवडत होती, फोनमधून सगळं ऐकू जात होतं. तिनं हात थांबवला नाही.

मला बोलता आलं असतं. फेब्रुवारीत ती म्हणाली होती, जागा बी पाहिजे होती. मीही सांगू शकले असते की तुझी जागा गेली तेव्हा मला आतून कुठंतरी थोडं बरं वाटलं होतं, क्षणभर, लाज वाटेल इतकं. ते कधीतरी सांगेन. आज तिची बोलायची पाळी होती.

मी फोन कानापासून लांब धरला नाही. कान दुखत होता तरी.

शेवटी तिचा आवाज बसला. पलीकडं काका तिला पाणी देत असावेत, भांड्याचा आवाज आला. मग ती खरखरत्या गळ्यानं म्हणाली, "ठेवते."

मी म्हटलं, "ठेव. उद्या परत कर."